टिटवाळ्याचे गृहस्थ

मी नेमकं काय काम करते, हे मला आजवर कुणालाच एका दमात सांगता आलेलं नाही. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत मी ‘आरोग्यात कायतरी’ करते असा समज आहे, आणि त्यामुळे कुणाचा गुडघा सुजला की आमची बेल वाजते. मी डॉक्टर नाही. मी डॉक्टरांना आणि इतर शिकलेल्या मंडळींना संशोधन शिकवते. विषय असा की औषध शोधून झालंय, ते गुणकारी आहे हे सिद्ध झालंय, सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतंय, तरीही ते माणसाच्या पोटात का जात नाही. या विषयाला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. मराठीत ‘अंमलबजावणीचं शास्त्र’ म्हणावं, तर लोकांना अतिक्रमणविरोधी पथक आठवतं.

बाबांनी एकदा माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे लोकांच्या मागे लागण्याचं शास्त्र.”

याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. आधीच त्यांच्या डोक्यात हवा लवकर जाते.

आमचं केंद्र ठाण्याला, टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत. नवरात्रात देवीच्या गर्दीतून तिथे चालत जायलाही नवस बोलावा लागतो, म्हणून आम्ही वर्ग उन्हाळ्यात घेतो आणि उकाड्याने मरतो. दरवर्षी दहा-बारा जण येतात, देशातले आणि परदेशातले. या वर्षीच्या वर्गात मलावीहून आलेली एक डॉक्टर होती. बाई कमी बोलायची, पण सगळ्यांचे प्रश्न संपले, माणसं पेनं खिशात घालायला लागली, की हात वर करायची. आणि एक सोलापूरचा डॉक्टर होता. त्याला प्रश्नावली म्हणजे पोथी. तीतला एक प्रश्न गाळला तर पाप लागेल अशा श्रद्धेने तो वाचायचा.

पहिल्या दिवशी मी एकच धडा शिकवते. माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. जगाच्या पाठीवर कुठेही जा, माणूस गोळी न घेता ‘घेतली’ म्हणतो. डॉक्टर ओरडू नये म्हणून, बायकोने पिच्छा सोडावा म्हणून, कधी आपल्यासमोर बसलेल्या पोरीला वाईट वाटू नये म्हणून. तेव्हा तोंडी उत्तर ऐका, पण विसंबू नका.

त्यानंतर या वर्षी मी एक नवी स्लाइड दाखवली. तिच्यावर लिहिलेलं होतं, ‘टिटवाळ्याचे गृहस्थ’. शिकलेले, सुस्थितीतले, औषध घरात आहे, दुकान खाली आहे, सगळं समजतं, तरी गोळी घेत नाहीत. हे सगळ्यात कठीण प्रकरण, असं मी सांगितलं. ते गृहस्थ कोण, हे काही मी सांगितलं नाही. बाबांचा फोटो लावायचा मोह मात्र झाला.

बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. त्यांचा सगळा जन्म तुटलेल्या लायनी जोडण्यात गेला. मी लहान असताना सुट्टीत कधी त्यांच्याबरोबर जायचे. ते खांबावर चढायचे, दोन तारा जुळवायचे, आणि कमरेला लटकवलेल्या फोनवरून तिथूनच एक्स्चेंजला फोन लावायचे. “हॅलो, टेस्टिंग. येतोय आवाज? बरं, ठेवतो.” एवढंच. मीही मग घरी भातवाढणी कानाला लावून आईला दिवसभर टेस्टिंग करायचे. ती वैतागून म्हणायची, एक मुलगी झाली तीपण खात्यातच लागली.

डोंबिवलीची जागा माझ्याकडे सोपवून आईबाबा टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेले. गणपती जवळ, हवा चांगली, असं बाबांचं म्हणणं. मग पुण्याला माझ्या भावाला जुळं झालं आणि आई तिकडे डेप्युटेशनवर गेली. डेप्युटेशन हा बाबांचा शब्द. सहा महिन्यांसाठी गेलेली ती अजून परत आलेली नाही, कारण जुळी चालायला लागली आहेत आणि दोन दिशांना चालतात. बाबांना पुण्याला चला म्हटलं तर म्हणतात, “तिथे सगळे मला शुद्ध बोलायला लावतात.”

तर असे ते एकटे असताना, मागच्या वर्षी होळीच्या सुमारास भाजी घ्यायला गेले आणि बाजारातच चक्कर येऊन एका भाजीवाल्या मावशीच्या मेथीच्या जुड्यांवर बसले. रक्तदाब भयंकर वाढला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, रोजची गोळी चुकता कामा नये. चुकली तर पुढची वेळ चकरेवर भागणार नाही, अंगावरून वारं जाईल किंवा त्याहून वाईट होईल. घरी येताना रिक्षात बाबा मेथीबद्दल बोलत होते आणि मी त्यांचा हात धरून बसले होते. तो हात मला एकदम हलका वाटला. मी घाबरले होते, आणि पुढे वर्षभर घाबरलेलीच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी आठला फोन सुरू केला. “बाबा, गोळी घेतली का?”

सुरुवातीचे काही दिवस उत्तर यायचं, “घेतली.” मी “बरं, ठेवते” म्हणायचे आणि मुलीचा डबा भरायला लागायचे. मग एक दिवस म्हणाले, “आज राहिली.” त्यानंतर हे राहणं वाढतच गेलं. आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, आणि शेवटी शेवटी तर जवळजवळ रोज.

आता माझं शिक्षण काय, माझा हुद्दा काय, आणि माझाच बाप गोळी घेत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. मी शास्त्रातले सगळे उपाय काढले. वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी पाठवली. तिच्यात त्यांनी लवंग, वेलची, बडीशेप असं वारानुसार भरलं आणि डबी फार सोयीची आहे असं कळवलं. मोबाइलवर गजर लावून दिला, तर त्याची धून बदलून त्यांनी आरती लावली आणि गजर झाला की उभे राहायला लागले. शेजारच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगितलं, तर बाबांनी त्यांनाच अळूवड्यांच्या कामाला लावलं. आईने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर दम दिला, पण मागून जुळी भोकाड पसरून रडत असल्याने तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

राहता राहिली समजावणी. ती मी रोज करायचे. ‘आज राहिली’ ऐकलं की माझी टकळी सुरू व्हायची. अर्धा तास, कधी जास्त. रक्तवाहिन्या कशा असतात, कुठल्या देशात खेड्यातल्या बायकांनी काय केलं, व्हिएतनाममध्ये काय झालं, माझ्या वर्गात आज कोण काय म्हणालं, मलावीत दवाखाना किती लांब असतो. बाबा मध्येमध्ये “असं?” म्हणायचे. एकदा मी ऐन भरात असताना म्हणाले, “अगं, खाली वॉचमनच्या खोलीपाशी ती तांबडी कुत्री आहे ना, तिला पिल्लं होणार आहेत.”

“बाबा, गोळीचं बोलतेय मी.”

“हो हो, बोल.”

“बीपी तरी मोजून घ्या,” मी म्हणायचे. तर म्हणायचे, घेईन. मी तिकडे गेले की मशीन लावू द्यायचे नाहीत, मुलीच्या हातून दंडाला पट्टा बांधून घ्यायची त्यांना लाज वाटते म्हणे. वर्गात माझी ती स्लाइड झाल्यावर मलावीच्या डॉक्टरने शेवटी हात वर केला होता आणि एवढंच विचारलं होतं, “या गृहस्थांचा रक्तदाब किती आहे?” मला सांगता आलं नव्हतं. मी म्हटलं, वाढलेलाच असणार, आणि पुढे गेले.

मग तो फील्डचा दिवस आला. शीळफाट्याच्या पलीकडच्या एका आगरी गावात मुलाखती घ्यायच्या होत्या. तारीख आम्ही ऑफिसच्या कॅलेंडरवरून ठरवलेली, एसीत बसून. टेम्पो ट्रॅव्हलर भरली, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं, सोलापूरच्या डॉक्टरच्या मांडीवर प्रश्नावल्यांचा गठ्ठा. शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये गाडी रुतली तेव्हा गावातल्या बचतगटाच्या ताईंचा फोन आला.

“मॅडम, तुमी येताव खरं, पन आज गावदेवीची पालखी हाय. आज बीपी कोन मोजून घेल? नाचाचं हाय सगल्यांना. तुमी आपल्या जेवाला या.”

चैत्रात आगरी गावात पोरं घेऊन प्रश्नावली भरायला निघालेली मी, ठाणे जिल्ह्यात जन्मले आहे. पण जत्रेची तारीख विचारणं आमच्या सव्वीस मुद्द्यांच्या पूर्वतयारीत बसत नव्हतं. मलावीच्या डॉक्टरने शांतपणे विचारलं, “जेवायला का जात नाही आपण?” खरं तर तेच करायला हवं होतं. पण मुलाखतीचा सराव त्याच दिवशी व्हायला हवा होता, परवा परीक्षक येणार होते.

“मॅडम, मग आता काय करायचं ओ?” सोलापूरचा डॉक्टर गठ्ठा छातीशी धरून म्हणाला.

घामाघूम गाडीत मला एकच माणूस सुचला. मी ड्रायव्हरला म्हटलं, कल्याणवरून टिटवाळ्याला घ्या.

गाडीतच सगळ्यांना सांगून टाकलं की टिटवाळ्याचे गृहस्थ म्हणजे माझे वडील. मग मागच्या सीटवर कुणीतरी फिस्कन हसलं, आणि पूर्ण गाडी हसायला लागली. मीही हसले. पण वाटलं, आता तरी कळेल बाबांचं बीपी किती आहे, आणि कळू नये असंही वाटलं.

बाबांनी फोनवर फक्त “किती जण?” विचारलं होतं. आम्ही पोचलो तर सोसायटीच्या ऑफिसातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या हॉलमध्ये लागल्या होत्या, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि कैरीचं पन्हं तयार होतं. मलावीच्या डॉक्टरला त्यांनी इंग्रजीत विचारलं, तुमच्याकडे पावसाळ्यात दवाखान्याचा रस्ता अजून बंद होतो का. ती थक्क झाली. सोलापूरच्या डॉक्टरला म्हणाले, “तुम्ही ते प्रश्नावलीवाले ना? आता मला अडथळ्यांचे प्रकार विचाराल. आधी माणसाच्या मनातले, मग घरातले, मग दवाखान्यातले.”

सोलापूरच्या डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग त्याने घसा खाकरला. “मॅडम, तो नियम... मुलाखतीला घरचं माणूस समोर नको.”

नियम माझाच. मी स्वयंपाकघरात गेले. दार ओढून घेतलं, आणि ते पूर्ण लागत नाही हे मला माहीत होतं.

आधी बीपी घेतलं. बाबांनी परक्यांसमोर मुकाट्याने दंड पुढे केला. बाहेर मशीन घरघरलं, थांबलं, परत घरघरलं. मी ओट्याला धरून उभी होते. मनात म्हणत होते, देवा, एवढ्या वेळा घेतायत म्हणजे नक्की वाईट आहे.

“मशीन बिघडलंय वाटतं,” सोलापूरचा डॉक्टर म्हणाला. “दुसरं आणा ओ.”

दुसरं आणलं. परत घरघर. मग मलावीच्या डॉक्टरचा आवाज आला, “मशीन ठीक आहे. यांचं माझ्यापेक्षा चांगलं आहे.”

मी पन्ह्याचा ग्लास भरला आणि तो स्वतःच पिऊन टाकला. सुटल्यासारखं झालं, आणि काही कळेना झालं. गोळी न घेता असं बीपी राहत नाही.

सोलापूरचा डॉक्टर मात्र प्रश्नावलीपासून ढळणारा नव्हता. गोळी घ्यायला विसरता का? नाही. गोळीची भीती वाटते? नाही. चव आवडत नाही? गोळीला कसली चव. त्रास होतो? नाही. दुकान लांब आहे? खाली आहे. मग काका, गोळी कधीपासून घेत नाही?

“मी?” बाबा म्हणाले. “मी रोज घेतो की.”

“पण मॅडम म्हणतात...”

“मॅडमना मी नाही म्हणून सांगतो.”

मला राग आला. खरोखरचा राग, हातातला ग्लास आपटावा असा. वर्षभर मी उठल्या उठल्या पहिल्यांदा या माणसाच्या गोळीचा विचार करतेय. आणि दुसऱ्या बाजूने माझ्यातली मास्तरीण चक्रावून उभी होती. न घेता घेतली म्हणणारे माझ्या पुस्तकांत पानोपानी आहेत. घेऊन नाही म्हणणारा माणूस कुठल्याच पुस्तकात नाही, कुठल्याच देशात नाही. तो नेमका माझ्या घरात निघावा.

सोलापूरच्या डॉक्टरकडे याच्या पुढचा प्रश्न नव्हता. पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. खुर्च्या सरकल्या, माणसं उठायला लागली. आणि मग अर्थातच तिने हात वर केला असणार.

“ज्या दिवशी तुम्ही घेतली म्हणून सांगता,” मलावीच्या डॉक्टरने विचारलं, “त्या दिवशी काय होतं?”

बाबांनी पन्ह्याचा ग्लास खाली ठेवल्याचा आवाज आला.

“त्या दिवशी ती फोन ठेवते,” ते म्हणाले. “मी खात्यात होतो ना, आम्ही लाइन जोडली की टेस्टिंगचा फोन करायचो. समोरून आवाज आला की झालं, ठेवायचा. त्या फोनवर कुणी बोलत नाही, तो बोलायचा फोनच नसतो. घेतली म्हटलं की तिचा तसा होतो. राहिली म्हटलं की ती रागावते. रागावली की अर्धा तास बोलते. छान बोलते हो ती, सगळ्या जगाचं सांगते. तुमच्याकडच्या रस्त्याचं मला तिनेच सांगितलं.”

सोलापूरच्या डॉक्टरने याचं इंग्रजी करायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. तिला ते न सांगताच कळलं असावं, कारण ती त्याला म्हणाली, राहू दे.

मी बाहेर गेले नाही. घरचं माणूस समोर नको, हा नियम माझाच होता. ओट्यावर कपबशा होत्या, त्या धुतलेल्याच होत्या, त्या मी पुन्हा धुतल्या.

निघताना सगळे जिना उतरून गेल्यावर मी दारात थांबले. “बाबा, वर्षभर खोटं बोललात.”

“हो,” ते म्हणाले.

“मी किती घाबरले होते. रोज वाटायचं, आज काहीतरी होणार.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. “घाबरायचीस? मला वाटायचं, तू शिकवण्याची प्रॅक्टिस करतेस.” मग म्हणाले, “हे चुकलंच माझं.”

मी म्हटलं, “पन्ह्यात वेलची जास्त झाली होती.”

“सोमवारच्या कप्प्यातली सगळी घातली,” ते म्हणाले.

परतीच्या गाडीत सोलापूरचा डॉक्टर कधी नव्हे ते गठ्ठा सीटखाली टाकून झोपला होता. मलावीची डॉक्टर माझ्या शेजारी बसली होती. कल्याणचा पूल ओलांडल्यावर तिने विचारलं, “टीचर, ती स्लाइड ठेवणार?”

“ठेवणार,” मी म्हटलं. “त्यात कठीण प्रकरण कोण, ते बदलणार.”

ती हसली. म्हणाली, माझीही आई तिकडे मलावीत ब्लँटायरला असते, आणि तिला फोन केला की मी तिच्या पायाच्या सुजेचंच विचारते. मग तिने खिडकीकडे तोंड करून फोन लावला आणि तिच्या भाषेत बराच वेळ बोलत राहिली. त्यात सुजेचं काही असावं असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी फोन लावला. काय बोलायचं ते रात्रीच ठरवून ठेवलं होतं, आणि बाबांचं ‘हॅलो’ ऐकल्यावर त्यातलं एकही आठवेना. वर्षभर रोज बोलून मला माझ्या वडिलांशी बोलायची सवयच राहिली नव्हती. मी म्हटलं, आज इकडे पाणी नाही. ते म्हणाले, इकडे आहे. मी म्हटलं, मुलीची परीक्षा संपली. ते म्हणाले, असं? मग त्यांनीच सावरून घेतलं.

“अगं, तू गोळीचं विचारलंच नाहीस.”

“घेतली का?”

“घेतली,” बाबा म्हणाले, आणि थांबले. मी आता ठेवते का, याची वाट बघत होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

“बाबा,” मी म्हटलं, “त्या तांबड्या कुत्रीला पिल्लं किती झाली?”